शब्दांशी गट्टी : रुमाल, अंगठी आणि तसबीर

गेल्या महिन्यात एका रविवारी पाचगणीला गेलो होतो. माझी भाची तिथल्या एका निवासी शाळेत अकरावीत शिकते. महिन्यातून एकदा घरच्यांनी यायचं आणि मुलांना दिवसभर बाहेर न्यायचं, अशी तिथली पद्धत. या खेपेला ताई आणि भाऊजींना जमणार नव्हतं, तेव्हा ही कामगिरी मामावर आली.

वाईहून पसरणीचा घाट चढून वर पोचलो, तर स्वारी फाटकापाशी उभीच! एरवी तिच्यासोबत तिच्या खोलीतली मैत्रीण असते. दोघींना मिळून भाजलेली कणसं खाऊ घालायची, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. या वेळी मात्र ती एकटीच होती. मैत्रिणीचं विचारलं तर "ती नाही येणार" एवढंच म्हणाली आणि माझ्या हातात एक कागद ठेवला.

"मामा, मंगळवारी चाचणी आहे. आम्हांला शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' आहे ना, त्यासाठी नाटकाच्या परिभाषेतले शब्द पाठ करायचेत. मराठी प्रतिशब्दसुद्धा शोधून आणायला सांगितले होते. मी आणलेत. तू फक्त विचार, मी घडाघडा सांगते."

कागदावर पाहिलं. शोकात्मिका, प्रमाद, विपर्यास, अभिज्ञान, विरेचन, स्वगत, जनांतिक, नाट्यगत उपरोध... वैद्यबुवांच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचतोय असं वाटलं मला!

"बरं, प्रमाद म्हणजे काय?" मी विचारलं.

"नायकाच्या हातून घडणारी गंभीर चूक, जिच्यामुळे त्याचा नाश ओढवतो." एका दमात उत्तर. तेराचा पाढा म्हणावा तसं.

"शाब्बास! आता सांग, ऑथेल्लोची चूक कोणती?"

"मत्सर. वहीत लिहिलंय तसं."

"ते झालं. पण ती चूक घडली केव्हा? कुठल्या प्रवेशात? तिथं त्यानं काय करायला हवं होतं?"

भाचीबाई गप्प. मग म्हणाली, "असं नाही विचारत रे चाचणीत."

दोस्तांनो, तुमच्यापैकी अनेकांची हीच गत असणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझीही होती. शब्द पाठ असतो, व्याख्या पाठ असते आणि नाटक मात्र बाजूलाच राहून जातं. म्हणून आम्ही तो कागद घेऊन पारसी पॉइंटवर जाऊन बसलो. तिथं जे बोलणं झालं, ते आज तुम्हांला सांगतो.

आधी 'ऑथेल्लो'ची गोष्ट थोडक्यात. ऑथेल्लो हा व्हेनिसचा शूर सेनापती. डेस्डिमोना ही त्याची पत्नी. बापाचा राग पत्करून तिनं त्याच्याशी लग्न केलेलं. इयागो हा त्याच्या हाताखालचा अधिकारी. आपल्याला डावलून कॅसिओला बढती दिली, म्हणून तो मनातून जळतो आहे. तो ऑथेल्लोच्या कानात विष ओततो : तुमच्या बायकोचं मन कॅसिओवर जडलंय! पुरावा? एक रुमाल. ऑथेल्लोनं बायकोला प्रेमानं दिलेली पहिली भेट. तो तिच्या हातून पडतो. इयागोची बायको एमिलिया तो उचलून नवऱ्याला देते आणि इयागो तो कॅसिओच्या खोलीत टाकतो. रुमाल कॅसिओकडे दिसला, एवढ्यावर ऑथेल्लो आपल्या निरपराध बायकोचा जीव घेतो. मग एमिलिया सगळं सत्य सांगते, आणि ऑथेल्लो स्वतःलाही संपवतो.

आता एकेक शब्द उलगडू.

शोकात्मिका. आपण बोलताना शोकांतिका म्हणतो. अंत म्हणजे शेवट. ज्याचा शेवट दुःखात होतो ते नाटक शोकांतिका. पण पुष्कळ अभ्यासकांना शोकात्मिका हा शब्द अधिक बरा वाटतो. का? कारण दुःख काही फक्त शेवटच्या पानावर येऊन बसत नाही. ते पहिल्या अंकापासून नाटकाच्या आत्म्यातच असतं. आणखी एक. वर्तमानपत्रात एखाद्या भीषण अपघाताला शोकांतिका म्हणतात. दुःख तर खरंच; पण नाटकाच्या भाषेत ती शोकात्मिका होत नाही. दरड कोसळली, त्यात माणसाची निवड कुठं होती? शोकात्मिकेत माणूस निवडतो आणि चुकीचं निवडतो.

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. त्यानं 'काव्यशास्त्रा'त हे सगळं बारकाईनं मांडलं. तो म्हणतो, शोकात्मिकेचा नायक अगदी साधुपुरुष नको आणि अगदी दुष्टही नको. दुष्टाचं वाटोळं झालं तर आपण म्हणतो, "बरी खोड मोडली!" साधूवर आभाळ कोसळलं तर नुसता धक्का बसतो. नायक हवा आपल्यासारखा, चांगला पण चुकणारा.

त्या चुकण्यालाच प्रमाद म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाची गंमत पाहा. नेम धरून बाण मारला आणि तो लक्ष्यावर न लागता बाजूनं गेला, तर त्या चुकण्यासाठी ग्रीक लोक जे क्रियापद वापरत, त्याच्यापासूनच तो शब्द आला आहे! म्हणजे प्रमाद हा काही दर वेळी दुर्गुण नसतो. नेम चुकतो. ऑथेल्लोला न्यायच करायचा होता. पण त्यानं नेम धरला तो भलत्याच माणसावर.

"आता विपर्यास," भाची म्हणाली. "पण मामा, 'माझ्या बोलण्याचा विपर्यास केला' असं आपण म्हणतो ना? ते वेगळं का?"

मुद्दा चांगला होता. विपर्यास म्हणजे मुळात उलटापालट. बोलण्याचा अर्थ उलटा केला की तो बोलण्याचा विपर्यास. नाटकात घटना उलटी होते. एका हेतूनं काही करायला जावं आणि नेमकं त्याच्या विरुद्ध घडावं! साध्या भाषेत कलाटणी म्हणा. ग्रीक नाटककार सोफोक्लीझच्या 'ईडिपस' नाटकात एक दूत राजाची भीती घालवायला येतो आणि त्याच्याच बोलण्यातून राजाचं भयंकर सत्य उघडं पडायला लागतं. 'ऑथेल्लो'मध्ये पाहा : कॅसिओची नोकरी गेली, म्हणून डेस्डिमोना कळवळून नवऱ्याकडे त्याची रदबदली करते. बिचारीचा हेतू किती चांगला! पण तिच्या प्रत्येक शब्दागणिक नवऱ्याचा संशय वाढतच जातो.

आणि हे आपल्याला दिसतं, तिला दिसत नाही. यालाच म्हणतात नाट्यगत उपरोध. प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला ठाऊक नाही. त्या नाटकात जो तो इयागोला प्रामाणिक, भला माणूस म्हणतो. तो शब्द ऐकताना आपल्या अंगावर काटा येतो, कारण इयागोचं मन आपण आधीच ऐकलेलं असतं. कसं ऐकलं? तर स्वगतातून. पात्र स्वतःशीच बोलतं आणि ते फक्त आपल्याला ऐकू येतं, ते स्वगत. जनांतिक त्याहून निराळं. रंगमंचावर चार माणसं असताना एकानं दुसऱ्याशीच हळू बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकलं नाही असं समजायचं. हे दोन्ही शब्द संस्कृत नाटकातून थेट आपल्याकडे आले आहेत. वर्गात बाईंची पाठ वळली की तुम्ही शेजाऱ्याच्या कानात बोलता, ते जनांतिक! फरक एवढाच, की ते बाईंना बरोबर ऐकू जातं.

आता माझा सर्वांत आवडता शब्द : अभिज्ञान.

"हा तर मला माहीत आहे," भाची म्हणाली, "'अभिज्ञानशाकुंतल'मधला!"

अगदी बरोबर. अभिज्ञान म्हणजे ओळख पटणं, आणि ओळख पटवणारी खूणही. कालिदासाच्या नाटकात ती खूण म्हणजे अंगठी. शापामुळे दुष्यंत राजा शकुंतलेला विसरतो. अंगठी पाण्यात पडलेली असते. ती एका कोळ्याला माशाच्या पोटात सापडते, राजापाशी पोचते आणि राजाला सगळं आठवतं. उशीर होतो खरा, पण भेट होते. ऑथेल्लोलाही शेवटी सत्य कळतं, त्यालाही अभिज्ञान होतं. पण केव्हा? डेस्डिमोनाचा श्वास थांबल्यावर.

म्हणजे बघा, अंगठी काय आणि रुमाल काय, वस्तू तशी छोटीच. एक हरवली आणि सापडली, तर माणसं भेटली. दुसरी हरवली आणि सापडली, तर माणसं गेली.

पारसी पॉइंटवरून खाली कृष्णेचं खोरं दिसतं, धोम धरणाचं पाणी दिसतं. मी भाचीला म्हटलं, "या नदीच्या काठानं मनातल्या मनात चालत जा. वाई लागेल. तुम्ही ज्यात शब्द शोधता, तो मराठी विश्वकोश याच वाईत तयार झाला. पुढं कऱ्हाडजवळ टेंभू गाव लागेल. तिथं १८५६ साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. त्यांनी शेक्सपिअरचं 'हॅम्लेट' मराठीत आणलं, 'विकारविलसित' या नावानं, १८८३ मध्ये. अजून पुढं गेलीस की सांगली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवरा'चा खेळ केला तो इथंच. आणि सांगलीला लागून, वारणा जिथं कृष्णेला मिळते तिथं, हरिपूर. ते गोविंद बल्लाळ देवलांचं गाव."

देवलांचं नाव घेतलं ते मुद्दाम. 'शारदा' नाटकामुळे त्यांचं नाव तुमच्या आजीआजोबांना तोंडपाठ असेल. त्याच देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'ला मराठी पोशाख चढवला. ऑथेल्लोचा झाला झुंजारराव, डेस्डिमोनाची झाली कमळजा, आणि नाटकाचं नाव 'झुंजारराव'. संशयानं घर कसं जळतं, हे त्यांनी मराठी प्रेक्षकाला दाखवलं.

आणि पुढं याच देवलांनी काय करावं? संशयावरच असं नाटक लिहिलं, की लोक हसून हसून बेजार झाले! १८९३ चं 'फाल्गुनराव'. त्यात पदं घालून १९१६ साली त्याचं झालं 'संगीत संशयकल्लोळ'. मूळ आधार परदेशी नाटकाचा, पण माणसं अस्सल मराठी. पात्रांची नावं तर पंचांग उघडून ठेवलेली : फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती!

या नाटकातली वस्तू आहे एक तसबीर. अश्विनशेठची छोटी तसबीर रेवतीकडे असते. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, आणि हे त्याची बायको कृत्तिका पाहते. झाला संशय! रेवतीच्या हातून पडलेली ती तसबीर कृत्तिकेला सापडते. ती ती न्याहाळत असताना फाल्गुनराव पाहतो. आपल्या बायकोच्या हातात परपुरुषाची तसबीर! दुसरा संशय. मग तीच तसबीर फाल्गुनरावाच्या हातात अश्विनशेठ पाहतो. आपण रेवतीला दिलेली तसबीर या गृहस्थाकडे कशी? तिसरा संशय!

भाची हसायला लागली. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "पण मामा, रुमालाचं आणि तसबिरीचं काम तर एकच आहे. मग एक नाटक रडवतं आणि एक हसवतं, ते कशामुळे?"

दोस्तांनो, मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. 'संशयकल्लोळ'मधली माणसं संशय पोटात ठेवत नाहीत. भांडतात, आरडाओरडा करतात, एकमेकांच्या घरी जाऊन जाब विचारतात. जाब विचारता विचारता सगळी एका जागी येतात आणि तसबिरीचा घोटाळा उलगडतो. तिथं अभिज्ञान वेळेवर होतं. ऑथेल्लो बायकोला "रुमाल कुठाय?" असं दरडावून विचारतो, पण मनातला खरा प्रश्न मोकळेपणानं विचारत नाही. कॅसिओलाही समोर बसवून विचारत नाही. ज्याला विचारायचं त्याला सोडून तो तिसऱ्यालाच विचारत राहतो. तिथं अभिज्ञान येतं, पण उशिरा.

मग मी तिला एक गोष्ट सांगितली. आजवर कोणाला सांगितली नव्हती.

चाळीसएक वर्षांपूर्वी मीही अशाच एका वसतिगृहात होतो. नववीत असेन. आण्णांनी मला सोनेरी टोपणाचं शाईपेन दिलं होतं. पावसाळ्यात एके दिवशी ते हरवलं. शोधशोध शोधलं, मिळालं नाही. चार-पाच दिवसांनी रात्री माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मित्रानं ट्रंक उघडली. माझा सगळ्यांत जवळचा मित्र. आणि ट्रंकेत, घडी केलेल्या सदऱ्यावर, माझं पेन!

मी त्याला काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण मला खात्रीच होती ना! डोळ्यांनी पाहिलं होतं. मी दुसऱ्या दोघांना सांगितलं. त्यांनी चौघांना सांगितलं. सकाळपर्यंत सगळ्या खोलीला कळलं. संध्याकाळी पेन माझ्या उशीवर ठेवलेलं होतं. मला वाटलं, पकडला गेला म्हणून परत केलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. कोणीच त्याच्याशी फारसं बोलत नसे. वार्षिक परीक्षा झाली, तो घरी गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी त्याचं नाव पटावर नव्हतं.

जूनमध्ये शाळा उघडली. गावातून येणारा एक वर्गमित्र सहज मला म्हणाला, "काय रे, निब नीट बसलं का तुझ्या पेनाचं? वाईला दुरुस्तीला मीच नेलं होतं. फरशीवर पडून वाकलं होतं म्हणे. त्यानं स्वतःचे खाऊचे पैसे दिले आणि वर मला बजावलं, तुला सांगायचं नाही म्हणून. तुला नीट झालेलं पेनच हातात द्यायचं होतं त्याला."

अभिज्ञान म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. व्याख्या पुढं कॉलेजात गेल्यावर वाचली.

"मग? तू त्याला सांगितलंस?" भाचीनं विचारलं.

"पत्र लिहिलं. पत्ता जुना होता. उत्तर आलं नाही."

बराच वेळ ती खालच्या पाण्याकडे पाहत बसली. मग कागदावर बोट ठेवून म्हणाली, "एक शब्द राहिला. विरेचन."

आयुर्वेदात विरेचन म्हणजे पोट साफ करणं. आजीचं एरंडेल आठवलं ना? ॲरिस्टॉटल म्हणतो, शोकात्मिका पाहताना मनात करुणा आणि भीती जागी होते, आणि त्यातूनच त्या भावनांचं विरेचन होतं. नेमकं कसं, यावर विद्वान अजून वाद घालतात. मी माझ्यापुरतं असं समजतो : "बिचारा!" वाटतं, ती करुणा. "हे माझ्या हातूनही घडू शकतं," असं वाटतं, ती भीती. दोन्ही वाटून झाल्या की माणूस नाट्यगृहातून थोडा हलका होऊन आणि थोडा शहाणा होऊन बाहेर पडतो. पैसे देऊन रडायला लोक का जातात, याचं उत्तर त्यात आहे.

एवढं झाल्यावर मी म्हटलं, "चल, आता कणसं खाऊ."

"नको मामा," ती उठत म्हणाली. "मला जरा लवकर सोडशील? सहापर्यंत वेळ आहे, पण... खोलीत एकीशी बोलायचंय."

कोणाशी, काय, मी विचारलं नाही. वाटेत तिनं दोन कणसं मात्र बांधून घेतली. दोन!

चाचणीत तिला किती गुण मिळाले, हे मला अजून कळलेलं नाही. पण तिच्या पुढच्या फोनवर मागून आणखी एका मुलीच्या हसण्याचा आवाज येत होता.

शब्दांची पुरचुंडी

व्याख्या पाठ करण्याऐवजी प्रत्येक शब्द प्रश्न म्हणून नाटकाला विचारा. मग तो विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही.

प्रमाद : नेम कुठं चुकला? नेमक्या कोणत्या प्रवेशात?
विपर्यास (कलाटणी) : करायला काय गेले आणि झालं काय?
नाट्यगत उपरोध : मला काय ठाऊक आहे, जे पात्राला ठाऊक नाही?
स्वगत : हे फक्त मलाच का सांगितलं?
जनांतिक : कोणापासून लपवलं?
अभिज्ञान : सत्य केव्हा कळलं? वेळेवर की उशिरा?
विरेचन : नाटक संपल्यावर मला कोणाची दया आली, आणि कशाची भीती वाटली?

करून पाहा

तुमच्या पाठ्यपुस्तकातलं एखादं नाटक, नाहीतर महाभारतातली कर्णाची गोष्ट घ्या. युद्धाच्या आधीच कर्णाला आपला जन्म कळतो. म्हणजे अभिज्ञान वेळेवर झालं! तरीही तो पांडवांकडे जात नाही. मग ही शोकात्मिका म्हणायची की नाही? आईबाबांशी वाद घाला आणि तुमचं उत्तर दहा ओळींत लिहून काढा. उत्तर एकच असेल असं नाही.

आणि हो, कोणाची काही वस्तू तुम्हांला भलत्याच ट्रंकेत दिसली, तर आधी ट्रंकेच्या मालकाला विचारा. चौघांना नंतर.

भेटू पुढच्या आठवड्यात!